अण्णांनी पाहिली दर्यावरची दिवाळी



आपल्या या पत्रिकेत बहुधा लागणीचे, खतांचे, खोडव्याच्या निगेचे लेख असतात, आणि ते तसेच असावेत. यावेळी मात्र थोडी वेगळी हकिकत सांगावयाची आहे. आपण घाटावरची माणसे. नदी आपल्या ओळखीची, विहीर ओळखीची, पाटाचे पाणी तर घरचेच. समुद्र मात्र आपला नव्हे असे आपण धरून चालतो. तो कोकणातल्या माणसांचा, कोळ्यांचा, मुंबईकरांचा. आपल्या उसाशी त्याचा काय संबंध?

हा प्रश्न आमच्या घरात सर्वांत मोठ्या आवाजात विचारणारे म्हणजे आमचे थोरले बंधू. त्यांना सारा गाव अण्णा म्हणतो. पंढरपूर, जोतिबा आणि कोल्हापूरची बाजारपेठ एवढाच त्यांचा प्रवास. अशा अण्णांना घेऊन ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिनाचा सोहळा पाहण्याचा योग आला. त्याची ही हकिकत. उसाचा संबंध त्यात कोठे येतो तेही ओघाने येईलच.

नौदल दिन कशाचा?

प्रथम त्या दिवसाविषयी दोन शब्द. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाने कराची बंदरावर हल्ला केला. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौका त्यात होत्या. नौका छोट्या, रशियाकडून घेतलेल्या, खरे म्हणजे आपल्याच किनाऱ्याजवळ राखण करण्यासाठी बांधलेल्या. लांबच्या पल्ल्याला त्यांचे इंधन पुरणारे नव्हते. म्हणून मोठ्या जहाजांनी त्यांना काही अंतर ओढून नेले. ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडावी तसाच हा प्रकार. त्या रात्री पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंग काढणारी नौका बुडाली. आपला एकही माणूस दगावला नाही. तो दिवस पुढे नौदल दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

परंतु विजयाची किंमतही मोजावी लागली. पुढे पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. नौदल दिनाची रोषणाई पाहताना ही दुसरी रात्रही ध्यानात ठेवावी लागते.

हा मुख्य सोहळा पूर्वी दिल्लीत होत असे. २०२२ मध्ये तो विशाखापट्टणमला झाला आणि २०२३ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने तारकर्लीला. नंतर २०२४ मध्ये ओडिशातील पुरीला आणि २०२५ मध्ये केरळात तिरुवनंतपुरमला झाला. म्हणजे आपल्या दारात आलेला योग तेवढाच होता.

अण्णांचा नकार

त्या वर्षी ऊसदराच्या प्रश्नावरून आपल्या भागातला हंगाम लांबला होता. २३ नोव्हेंबरला तोडगा निघाला आणि मग सगळीकडे एकदमच तोडणीची घाई उडाली. आमच्या शिवारात टोळी उतरली ती नेमकी ३ डिसेंबरला. आडसाली ऊस, दीड वर्ष सांभाळलेला. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजन घटते आणि उतारा उतरतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. अशा वेळी घरचा कर्ता माणूस बांध सोडून जातो होय?

“आरं, फडात टोळी उतरलीया, चिटबॉय सकाळी येणार हाय, आनि तुमी म्हंतासा दर्या बगाय चला,” अण्णा म्हणाले. “पानीच बगायचं आसंल तर आपली भोगावती काय वाईट हाय?”

हे झाले वरचे कारण. आतले कारण निराळे होते आणि घरात सगळ्यांना ते माहीत होते. अण्णांचा नातू बारावी झाल्यावर नौदलात अग्निवीर म्हणून भरती झाला होता. ओडिशातील ‘चिल्का’ येथे नौदलाचे शिक्षण केंद्र आहे. अग्निवीरांची पहिली तुकडी तेथून २८ मार्च २०२३ रोजी शिकून बाहेर पडली, अडीच हजारांहून अधिक मुलामुलींची. आमचा पोरगा त्यातलाच एक. अण्णांच्या मनात त्याने शेती पाहावी असे होते. घरी साडेतीन एकर रान, विहीर, दोन म्हशी. एवढे सोडून पोरगा गेला, आणि गेला तोही चार वर्षांच्या करारावर. त्यातल्या शंभरातील पंचवीसांनाच पुढे कायम करणार. “चार वरसाची चाकरी, आनि तीबी पान्यावर,” असे म्हणून अण्णांनी त्याच्याशी फोनवर बोलणे सोडले होते. फोन आला की ते गोठ्याकडे जात.

नातवाने आईला एवढेच सांगितले होते की, त्या दिवशी आपले जहाज बहुधा मालवणच्या समुद्रात असेल. भेट होणार नाही, रजा नाही, किनाऱ्यावर उतरता येणार नाही. तरीही सूनबाईंनी जायचे ठरविले. अण्णांना त्या म्हणाल्या, “मामा, तुमी न्हाई आलासा तरी मी जानार हाय. पोरगं दिसलं न्हाई तरी जहाज तर दिसंल.”

सून इतके स्पष्ट बोलली म्हणताना अण्णा गप्प झाले. तोडणीचा प्रश्न शेजाऱ्याने सोडविला. त्याच्या भांगलणीला आमची माणसे गेली होती, त्या पैऱ्याची फेड म्हणून तो आणि आमचा पुतण्या फडावर थांबले. सहकार कारखान्यातच असतो असे नाही, बांधावरही असतो. तेव्हा कोठे अण्णांनी धोतर बदलले. “एकटी बाई मानूस कशी धाडायची म्हनून येतुया,” एवढे मात्र जीपमध्ये बसताना सर्वांना ऐकवले.

घाट उतरताना

पहाटे चारला निघालो. राधानगरीला झुंजुमुंजू झाले. छत्रपती शाहू महाराजांनी या धरणाचे काम हाती घेतले आणि त्याच पाण्यावर आपल्या खोऱ्यातला ऊस उभा आहे. त्याच्या सात स्वयंचलित दरवाजांची कीर्ती आजही सांगितली जाते. तेथून दाजीपूरचे जंगल, मग फोंडा घाट. घाट उतरला की हवा बदलते, माती बदलते, बोलणेही बदलते. एके काळी याच वाटांनी घाटावरचा गूळ आणि धान्य बैलगाड्यांतून खाली उतरायचे आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. अण्णांच्या आठवणीत त्यांच्या चुलत्यांच्या गाडीच्या गोष्टी होत्या. त्या सांगता सांगता त्यांचा राग जरा सैल झाला. कणकवली, कसाल करीत आम्ही मालवणला पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

गावात तोबा गर्दी. जागोजाग पोलिस, कमानी, झेंडे. पंतप्रधान येणार म्हणून बंदोबस्त कडक होता. जीप बरीच अलीकडे लावून पायी चालावे लागले.

किल्ल्यात त्या दिवशी जाता आले नाही, पण किनाऱ्यावरून तो डोळे भरून पाहिला. कुरटे नावाच्या बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याचा मुहूर्त केला. पुढे तीन वर्षांत तो उभा राहिला. पायाच्या दगडांत शिसे ओतले, म्हणून साडेतीनशे वर्षे लाटा खाऊनही तट जागचा हललेला नाही. आवार ४८ एकरांचे, तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर. आत छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. आपल्या माणसांना विशेष वाटावे असे म्हणजे भोवती सगळीकडे खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. त्यांची नावे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव.

“साकरबाव?” अण्णांनी पुन्हा विचारले. “दर्यात साकर?” मग बराच वेळ ते विहिरीचाच हिशेब करीत होते. किती हात खोल असेल, उन्हाळ्यात आटते का, खारे पाणी आत झिरपत कसे नाही. शेतकऱ्याला तोफा दाखवा नाहीतर तट दाखवा, त्याचे लक्ष पाण्याकडे.

त्याच दिवशी राजकोट येथे महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तो पुतळा पुढे २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला आणि साऱ्या महाराष्ट्राला दुःख झाले. त्या जागी २०२५ मध्ये नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. किल्ला मात्र आहे तसा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत सिंधुदुर्ग आहे.

खताच्या गोणीचा प्रश्न

दुपारी एका घरगुती खानावळीत जेवायला बसलो. मालक उतारवयाचे गृहस्थ. जन्मभर मालवाहू जहाजांवर नोकरी करून घरी परतलेले. बोलण्याबोलण्यात अण्णांनी आपला नेहमीचा प्रश्न टाकला. जहाजांचा एवढा थाट कशाला? आमच्या उसाला त्याचा काय उपयोग?

त्या गृहस्थांनी आपल्या मालवणीत उलट विचारले, “तुमच्या खताची गोण खंयसून येता, ठावक आसा?”

“सोसायटीतनं,” अण्णा म्हणाले.

खानावळीत हशा पिकला. पण पुढे त्यांनी जे समजावून दिले ते आपण सर्वांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी शिफारस आहे. १७० किलो पालाश देण्यासाठी म्युरेट ऑफ पोटॅश एकरी सुमारे ११५ किलो लागते, म्हणजे पन्नास किलोच्या सव्वादोन गोण्या. हे म्युरेट ऑफ पोटॅश आपल्या देशात खाणीतून निघत नाही. ते सगळे बाहेरून येते. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्राएल हे ते पुरवणारे देश. अलीकडे काही साखर कारखाने मळीच्या आसवनीतील सांडपाण्याच्या राखेपासून पालाश करू लागले आहेत, हे चांगलेच आहे, पण गरजेच्या मानाने ते थोडे. स्फुरदाचेही तसेच. सुपर फॉस्फेट ज्या दगडापासून बनते तो बराचसा परदेशातून येतो. डिझेल ज्या खनिज तेलापासून होते त्यातले शंभरातले पंच्याऐंशी भाग आणि वर आयातीचे. देशाचा परदेशाशी होणारा व्यापार वजनाने मोजला तर सुमारे ९५ टक्के समुद्रावरून चालतो.

“म्हंजे गोनी दर्यावरनं येती?” अण्णांनी विचारले.

“दर्यावरनाच. आणि दर्यात चोर आसतत,” गृहस्थ म्हणाले.

अण्णा पुढे काही बोलले नाहीत. भातावर सोलकढी घेतली आणि दुसऱ्यांदाही मागितली, एवढे मी पाहिले.

किनाऱ्यावरचा सोहळा

तीनच्या सुमारास तारकर्लीच्या वाळूत जागा धरली. माणसांचा समुद्र आणि पाण्याचा समुद्र समोरासमोर. आयाबाया, शाळेची पोरे, कोळीवाड्यातली मंडळी, आमच्यासारखे घाटावरून आलेलेही पुष्कळ. उत्तरेकडे सिंधुदुर्गाचा तट आणि समोर करड्या रंगाची जहाजे. नौदलाने सांगितल्याप्रमाणे वीसएक युद्धनौका आणि चाळीसएक विमाने व हेलिकॉप्टरे या प्रात्यक्षिकात होती.

पंतप्रधान आल्यावर कार्यक्रम सुरू झाला. जहाजे एकामागोमाग वेगाने किनाऱ्याला समांतर धावत गेली. मागे पांढऱ्या फेसाचे पट्टे. डोळ्यांपुढून एक पाणबुडी गेली, पाण्यावर केवळ तिचा काळा माथा. आकाशातून मिग-२९ के आणि आपल्या देशातच बनलेली तेजस जातीची नौदलाची विमाने गेली, तेव्हा लहान पोरांनी कान झाकले आणि म्हाताऱ्यांनी टोप्या धरल्या. मग ‘मार्कोस’ म्हणजे नौदलाचे कमांडो. हेलिकॉप्टर पाण्यावर स्थिर उभे राहते, दोर खाली सुटतो आणि माणसे माडावरून नारळ पडावा तशी सरसर खाली येतात. छोट्या रबरी होड्यांतून किनाऱ्यावर चढाई, शत्रूची चौकी उडविणे, बुडत्या माणसाला वर उचलून घेणे, असे एकेक प्रकार झाले.

या सगळ्या गदारोळात अण्णांच्या फोनची घंटा वाजली. फडावरून पुतण्याचा फोन. अण्णा एका कानात बोट घालून मोठ्याने ओरडत होते, “किती ट्रॉल्या? दोन? काट्यावर लागल्या का? आनि वाडं? म्हशीस्नी वाडं ठेवलंय न्हवं?” शेजारी बसलेल्या मालवणच्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. दोन ट्रॉल्या काट्यावर लागल्याचे कळले तेव्हा कोठे अण्णा खऱ्या अर्थाने सोहळ्याला बसले.

सूनबाईंचे लक्ष मात्र जहाजांवरून हलत नव्हते. “तात्या, कंच्या जहाजावर आसंल ओ?” त्यांनी मला चारदा विचारले. मी काय सांगणार? जहाजे लांब, वर दिसणारी माणसे मुंगीएवढी, सगळ्यांचे कपडे सारखे. पांढऱ्या गणवेशातल्या पोरांची एक ओळ एका जहाजाच्या कठड्याशी दिसली तेव्हा त्यांनी उगाचच हात वर केला. मग आजूबाजूच्या दोन-तीन बायांनीही केला. त्यांचीही पोरे तेथे होती की काय कोण जाणे.

सूर्य कलला तसा नौदलाचा बँड सुरू झाला. सागरी छात्रांची कवायत झाली, खलाशांचे ते पाय आपटून करायचे नृत्य झाले. नौदलाचा झेंडा सूर्यास्ताला मानाने उतरविण्यात आला. २ सप्टेंबर २०२२ रोजी या झेंड्यावरून इंग्रजांच्या वेळचा लाल क्रूस काढला गेला आणि तेथे शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली. ज्या राजाने कोकणात आरमार उभारले त्याची खूण आता प्रत्येक युद्धनौकेवर आहे, हे त्या किनाऱ्यावर बसून ऐकताना अंगावर काटा आला.

दिवे लागले

आणि मग अंधार पडता पडता जहाजांवर दिवे लागले. एका खटक्यात सगळ्या जहाजांची बाह्याकृती दिव्यांनी रेखली गेली. नाळ, शिडाच्या जागचा उंच खांब, तोफेचा बुरूज, पिछाडी, सगळे प्रकाशाच्या दोऱ्याने काढलेले. खाली पाण्यात त्याचे प्रतिबिंब हलत होते. किनाऱ्यावर क्षणभर कोणी बोलेना, मग एकदम टाळ्या. तिकडे सिंधुदुर्गाच्या तटावर लेझरचे रंग खेळू लागले.

“गळितात रातीचा कारखाना दिसतो तसंच की रं,” अण्णा म्हणाले.

आपल्यापैकी ज्यांनी रात्री पाण्याची पाळी धरून लांबच्या शिवारातून कारखान्याकडे पाहिले असेल त्यांना हे पटेल. सगळा मुलूख अंधारात आणि मध्ये एकच ठिकाण उजेडाने भरलेले, धुराड्यावरचा तांबडा दिवा, आत तीन पाळ्यांत राबणारी माणसे. बाहेरून दिवे दिसतात, आतला घाम दिसत नाही. जहाजाचेही तसेच असणार. दिव्यांच्या त्या आकारांत कोठेतरी खाली, यंत्राच्या खोलीत किंवा भटारखान्यात, आपला पोरगा कामावर असेल.

अण्णांनी बोटाने जहाजे मोजायला सुरुवात केली. एकदा मोजली, दुसऱ्यांदा मोजली. मग सूनबाईंना म्हणाले, “त्यातल्या एकावर हाय न्हवं? मग सगळ्यांकडं बग म्हंजे झालं.”

सूनबाईंनी डोळे पुसले आणि हसल्या.

पुढे महिनाभरात काय घडले

येथे ही हकिकत संपली असती तर ती एक सहल ठरली असती. पण त्यानंतर महिना-दोन महिन्यांत जे घडले त्यामुळे खानावळीतले बोलणे आम्हांला पुन्हा पुन्हा आठवले.

तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर येमेनमधील हुथी बंडखोरांचे हल्ले त्याच सुमारास वाढले. पुष्कळ जहाजांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाणे पसंत केले. २३ डिसेंबर २०२३ रोजी मंगळूरकडे निघालेल्या ‘केम प्लूटो’ या जहाजावर गुजरातच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ड्रोन येऊन आदळले. आपले नौदल आणि तटरक्षक दल मदतीला धावले. ५ जानेवारी २०२४ रोजी सोमालियाजवळ ‘लीला नॉरफोक’ या जहाजावर ‘आयएनएस चेन्नई’वरून मार्कोसचे जवान चढले. त्यावर २१ खलाशी होते, पैकी १५ भारतीय. चाचे त्याआधीच पळाले होते, खलाशी सुखरूप सुटले. तारकर्लीला जे दोराचे आणि होडीचे खेळ पाहिले ते खेळ नव्हते, हे तेव्हा कळले.

१७ जानेवारी २०२४ च्या रात्री एडनच्या आखातात ‘जेन्को पिकार्डी’ या जहाजावर हल्ला झाला. आपली ‘आयएनएस विशाखापट्टणम’ तेथे पोहोचली. त्यावरचे २२ खलाशी सुखरूप होते, त्यांत ९ भारतीय. आणि जहाजात माल कोणता होता? रॉक फॉस्फेट. ज्यापासून सुपर फॉस्फेट बनते तोच दगड. वर्तमानपत्रातील ही बातमी मी अण्णांना वाचून दाखविली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली.

पुढे २९ जानेवारीला ‘आयएनएस सुमित्रा’ने चाच्यांच्या तावडीतून एक इराणी मच्छीमार नौका सोडविली. तिच्यावरचे १९ खलाशी पाकिस्तानी होते. ज्या देशाशी १९७१ मध्ये लढाई झाली त्याच देशाच्या गरीब कोळ्यांना आपल्या पोरांनी सोडविले, हेही लिहून ठेवण्यासारखे आहे. १६ मार्चला ‘रुएन’ या जहाजावरच्या ३५ चाच्यांना शरण आणून १७ खलाशांची सुटका केली आणि त्या चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले.

यातल्या कोणत्या कामावर आमचा पोरगा होता की नव्हता, ते त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

अण्णांचा फोन

मालवणहून परतल्यावर दोन दिवसांनी नातवाचा फोन आला. सूनबाई बोलल्या आणि सवयीप्रमाणे फोन ठेवणार तोच अण्णा गोठ्यातून आले आणि त्यांनी हात पुढे केला. संभाषण थोडक्यातच झाले.

“दिवं बगितलं तुमचं,” अण्णा म्हणाले. “जेवाण मिळतं न्हवं नीट? ... आनि रातपाळी किती दिसांनी येती? ... बरं. ऊस गेला आपला. उतारा चांगला हाय म्हनत्यात.”

नौकरीविषयी त्यांचे मत बदलले आहे असे कोणी समजू नये. चार वर्षांचा करार त्यांना आजही पसंत नाही, आणि ती काळजी एकट्या त्यांचीच नव्हे, गावोगावच्या बापांची आहे. त्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. कायम होणारा चौघांत एक. पोरगा राहिला तर राहिला, परत आला तर रान आहे तेथेच आहे, असे ते म्हणतात. मात्र तेव्हापासून फोन आला की ते गोठ्याकडे जात नाहीत.

सभासदांसाठी थोडे

शेवटी, उपयोगाच्या दोन गोष्टी. ज्यांच्या घरी बारावीला गणित व भौतिकशास्त्र घेतलेली मुले-मुली आहेत त्यांना नौदलात अग्निवीर म्हणून अर्ज करता येतो. दहावी उत्तीर्ण मुलांसाठीही वेगळी भरती असते. वयाची व गुणांची अट जाहिरातीत पाहून घ्यावी आणि चार वर्षांचा करार व पंचवीस टक्क्यांची अट मुलांना आधीच नीट समजावून द्यावी. पोहणे शिकविण्यासाठी आपल्या विहिरी आहेतच.

दुसरे म्हणजे, गळीत संपले की पावसाळ्यापूर्वी एकदा कुटुंबासह मालवणला जाऊन यावे. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, म्हणून एप्रिल-मे बरा. आम्हीही पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो, अण्णांच्याच आग्रहाने. साखरबावीचे पाणी त्यांनी ओंजळीत घेऊन चाखले. गोड आहे का, असे विचारता म्हणाले, “गोड म्हंजे साकरंगत न्हवं. पर खारं न्हाई. आनि सगळ्या खाऱ्यात खारं न्हाई म्हंजेच गोड.”